१२३४५६७८९८७६५४३२१ : एका संख्येची रचना, घटक आणि मर्यादा

सारांश

१११११११११ या संख्येचा वर्ग केला असता १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या मिळते. एकापासून नऊपर्यंत चढणारे आणि पुन्हा एकापर्यंत उतरणारे तिचे अंक केवळ चमत्कार म्हणून दाखविले जातात. प्रस्तुत लेखात या रचनेचे कारण, ती कोठे व का खंडित होते, या संख्येचे मूळ अवयव कोणते, आणि तिचे कोणते गुण अंकलेखनाच्या पद्धतीतून येतात व कोणते तिचे स्वतःचे आहेत, याचा विचार केला आहे. महावीराचार्य व द. रा. कापरेकर या दोन भारतीय गणितज्ञांनी अशा संख्यांचा घेतलेला वेधही येथे नोंदविला आहे. गणिताखेरीज इतर विषयांच्या अध्यापकांना लेख सुलभ व्हावा म्हणून गुणाकार, भागाकार आणि हातचा यांपलीकडील कोणतेही साधन वापरलेले नाही.

प्रस्तावना

गणिताच्या वर्गात ही संख्या फळ्यावर लिहिली की विद्यार्थी प्रथम हसतात, मग वहीत उतरवून घेतात आणि तेथेच थांबतात. 'असे का होते?' हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्याहून महत्त्वाचा 'असे नेहमीच होते का?' हा प्रश्न तर जवळजवळ कोणीच विचारीत नाही. वस्तुतः या दुसऱ्या प्रश्नाचा संबंध केवळ गणिताशी नाही. नऊ वेळा आढळलेली गोष्ट दहाव्या वेळीही आढळेल, असे गृहीत धरण्याचा मोह सामाजिक शास्त्रांच्या सर्वेक्षणात, प्रयोगशाळेत आणि व्याकरणाच्या नियमांतही होतो. प्रस्तुत संख्या या मोहाचा एक स्वच्छ व तपासता येण्याजोगा नमुना आहे. म्हणूनच बहुविद्याशाखीय नियतकालिकाच्या वाचकांपुढे ती मांडण्याचे योजिले आहे.

संख्येचे वाचन

व्यवहारात आपली मोजणी कोटीपाशी थांबते. त्या हिशोबाने ही संख्या '१२३ कोटी ४५ लाख ६७ हजार ८९८ कोटी, ७६ लाख ५४ हजार ३२१' अशी वाचावी लागेल. 'कोटी'चा दोनदा उच्चार करणे अडचणीचे आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (सुमारे इ. स. ११५०) मात्र एक ते परार्ध अशी अठरा स्थानांची नावे दिलेली आहेत. त्यांत कोटीच्या पुढे अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अन्त्य, मध्य आणि परार्ध अशी स्थाने येतात. त्यानुसार आपल्या संख्येतील पहिला एक 'मध्य' या सतराव्या स्थानी, म्हणजे परार्धाच्या केवळ एक पायरी अलीकडे बसतो. शिखरावरचा नऊ हा अंक अर्बुदाच्या स्थानी येतो. त्याच्या डावीकडे आठ आणि उजवीकडे आठ अंक आहेत.

या संख्येचा आकार ध्यानात यावा म्हणून एक तुलना पुरेशी आहे. प्रत्येक सेकंदाला एक याप्रमाणे न थांबता मोजत गेल्यास या संख्येपर्यंत पोहोचण्यास सुमारे ३९ कोटी वर्षे लागतील. म्हणजे ही संख्या मोजून कोणीही जाणलेली नाही. ती केवळ लेखनपद्धतीच्या व तर्काच्या साहाय्याने जाणता येते.

महावीराचार्यांची अंकमाला

अशा सममित संख्यांचे आकर्षण आधुनिक नाही. राष्ट्रकूट नृपती अमोघवर्ष याच्या काळात, इ. स. ८५० च्या सुमारास, जैन गणितज्ञ महावीराचार्य यांनी 'गणितसारसंग्रह' हा ग्रंथ रचला. त्यात चोवीस स्थानांची नावे आहेत. गुणाकाराच्या प्रकरणात त्यांनी अशी उदाहरणे मुद्दाम निवडली की उत्तराचे अंक माळेसारखे दिसावेत, आणि अशा उत्तरांना गळ्यातील अलंकाराची उपमा दिली. त्यांपैकी तीन उदाहरणे अशी :

१२३४५६७९ × ९ = १११११११११
१५२२०७ × ७३ = ११११११११
२७९९४६८१ × ४४१ = १२३४५६५४३२१

तिसरे उदाहरण आपल्या संख्येचे धाकटे भावंडच आहे. ४४१ हा २१ चा वर्ग आणि २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग. २१ व ५२९१ यांचा गुणाकार ११११११ येतो. म्हणजेच १२३४५६५४३२१ ही संख्या ११११११ चा वर्ग आहे. आपल्या संख्येच्या वर्गमुळाचे, १११११११११ चे, अवयवही पहिल्या उदाहरणात दिसतात. त्यांचा उपयोग पुढे होणार आहे.

'गणितसारसंग्रह' एम. रंगाचार्य यांनी १९१२ मध्ये मद्रास येथे इंग्रजी अनुवादासह संपादित केला. १९६३ मध्ये सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह तो प्रसिद्ध केला. आपल्या वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) येथील जैन ग्रंथभांडारे सर्वांना परिचित आहेत. अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात संस्कृतचे अध्यापन करणारे डॉ. हिरालाल जैन यांनी याच भांडारांतील अपभ्रंश ग्रंथ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रकाशात आणले. ग्रंथ जतन करणारी परंपरा आणि त्या ग्रंथांतील गणित यांची फारकत होऊ नये, ही अपेक्षा या जिल्ह्यात अध्यापन करणाऱ्याने बाळगणे अस्थानी ठरू नये.

कापरेकर आणि डेम्लो संख्या

महावीराचार्यांनंतर सुमारे अकरा शतकांनी याच माळेकडे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचे लक्ष गेले. त्यांचा जन्म १९०५ मध्ये डहाणू येथे झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले आणि १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. गणितातील पदव्युत्तर शिक्षण मात्र त्यांना मिळाले नाही. १९३० ते १९६२ या काळात ते देवळाली येथे शाळाशिक्षक होते. ६१७४ या 'कापरेकर स्थिरांका'मुळे त्यांचे नाव आज जगभर घेतले जाते. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिल्यावर त्यांची कीर्ती देशाबाहेर पसरली. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

१, १२१, १२३२१, १२३४३२१ … या क्रमातील संख्यांना कापरेकरांनी 'अद्भुत डेम्लो संख्या' असे नाव दिले. तत्कालीन जी. आय. पी. रेल्वेवर मुंबईपासून सुमारे ३० मैलांवर असलेल्या डेम्लो नावाच्या स्थानकावर या संख्यांची कल्पना त्यांना सुचली, म्हणून हे नाव. त्यांचा यासंबंधीचा लेख 'द मॅथेमॅटिक्स स्टुडंट' या नियतकालिकात १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. आपली संख्या या क्रमातील नववी होय.

माळ का गुंफली जाते?

या रचनेचे कारण शाळेतील गुणाकाराच्या मांडणीतच दडलेले आहे. १११ ला १११ ने गुणताना आपण पुढीलप्रमाणे तीन ओळी लिहितो :

१११ (एकम् स्थानापासून)
१११० (एक घर डावीकडे सरकवून)
१११०० (दोन घरे डावीकडे सरकवून)

आता उभ्या स्तंभांची बेरीज करावी. एकम् स्थानी एकच एक आहे, दशकात दोन, शतकात तीन, हजारात पुन्हा दोन आणि दशहजारात एक. उत्तर १२३२१. म्हणजे उत्तरातील प्रत्येक अंक हा त्या स्तंभात किती 'एक' एकावर एक आले, याची नुसती मोजणी आहे. नऊ एकांच्या संख्येत नऊ ओळी येतात. स्तंभांतील एकांची संख्या एकापासून नऊपर्यंत वाढते आणि पुन्हा एकापर्यंत उतरते. माळ आपोआप गुंफली जाते.

याच मांडणीवरून दुसरा एक गुण सिद्ध होतो. नऊ ओळींत प्रत्येकी नऊ एक, म्हणजे एकूण एक्क्याऐंशी एक लिहिले गेले. ते सर्व स्तंभांत वाटले गेल्यामुळे उत्तरातील अंकांची बेरीज ८१ च असली पाहिजे. १ + २ + … + ९ + ८ + … + १ = ८१, हे त्याचेच दुसरे रूप.

माळ कोठे तुटते?

वरील विवेचनात एक गृहीत न बोलता स्वीकारले गेले आहे. ते म्हणजे हातचा येत नाही. स्तंभातील मोजणी नऊपर्यंत असेल तोवरच ती एका अंकाने लिहिता येते. दहा एकांची संख्या घेताच मधल्या स्तंभात दहा एक येतात. तेथे शून्य लिहून हातचा एक डावीकडे जातो. डावीकडच्या स्तंभात नऊ होते, तेथे दहा होतात, पुन्हा शून्य आणि हातचा एक. त्याच्या डावीकडे आठ होते, ते नऊ होतात आणि हातचा संपतो. परिणामी

११११११११११ × ११११११११११ = १२३४५६७९००९८७६५४३२१

सममिती नाहीशी झाली. चढत्या बाजूला सातानंतर एकदम नऊ आला, आठ गळाला. ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे, कारण महावीराचार्यांच्या १२३४५६७९ या संख्येतही नेमका आठ गैरहजर आहे. दोन्हींचे कारण एकच. १ भागिले ९ केल्यास ०.१११… असा अनंत आवर्ती अपूर्णांक मिळतो. त्याचा वर्ग, म्हणजे १ भागिले ८१, स्तंभांच्या मोजणीने ०.०१२३४५६७८९(१०)(११)… असा व्हावयास हवा. परंतु दहाचा हातचा नवावर जाऊन त्याचे शून्य होते, आणि तेथून आठावर जाऊन त्याचा नऊ होतो. म्हणून प्रत्यक्षात १/८१ = ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… असे येते. तेथेही आठ हातच्यात विरून जातो.

येथे संशोधनपद्धतीचा मूळ मुद्दा येतो. क्रमातील पहिल्या नऊ संख्या तपासून 'ही रचना सार्वत्रिक आहे' असे विधान करणारा अभ्यासक नऊपैकी नऊ पुराव्यांच्या बळावर चुकला असता. याउलट ज्याने कारण शोधले, त्याला दहावा गुणाकार न करताच तो फसणार हे सांगता येते. पुराव्यांची संख्या वाढविणे आणि कारण जाणणे या भिन्न गोष्टी आहेत. नियमाची मर्यादा कारणातूनच कळते.

मूळ अवयव व हर्षद गुण

१११११११११ चे अवयव पाडण्यासाठी त्याचे तीन-तीन अंकांचे गट करावेत : १११ १११ १११. यावरून ही संख्या १११ × १००१००१ इतकी आहे हे उघड होते. १११ = ३ × ३७ आणि १००१००१ = ३ × ३३३६६७. यांपैकी ३३३६६७ ला ५७७ पर्यंतच्या कोणत्याही मूळ संख्येने निःशेष भाग जात नाही, आणि ५७८ चा वर्ग तिच्यापेक्षा मोठा आहे. म्हणून ती स्वतः मूळ संख्या ठरते. तेव्हा १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७. आपल्या संख्येत यांतील प्रत्येक अवयव दुप्पट वेळा येतो. ३ हा चार वेळा, ३७ दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा.

यावरून विभाजकांची संख्या काढता येते. ३ हा शून्य ते चार वेळा घेण्याचे पाच पर्याय, ३७ चे तीन व ३३३६६७ चे तीन. एकूण ५ × ३ × ३ = ४५ विभाजक. ही संख्या विषम येणे अपरिहार्य आहे. विभाजक सामान्यतः जोडीने येतात. पूर्ण वर्गात मात्र वर्गमूळाची जोडी स्वतःशीच जमते, म्हणून एक शिल्लक उरतो.

जी संख्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाते, तिला कापरेकरांनी 'हर्षद' म्हणजे हर्ष देणारी संख्या असे म्हटले. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१, आणि तिच्यात ३ हा अवयव चार वेळा असल्याने ८१ ने तिला भाग जातो. भागाकार १५२४१५७८९९७१०४१ येतो आणि तो १२३४५६७९ चा वर्ग आहे. म्हणजे आपली संख्या हर्षद आहे. इतकेच नव्हे, तर तिची अंकबेरीज आणि भागाकार हे दोन्ही पूर्ण वर्ग आहेत.

आणखी एक गुण पाहू. संख्येचे उजवीकडून नऊ अंक वेगळे करून दोन भाग करावेत व त्यांची बेरीज घ्यावी :

१२३४५६७८ + ९८७६५४३२१ = ९९९९९९९९९

हा योगायोग नव्हे. १११११११११ = ९ × १२३४५६७९ असल्याने त्याचा वर्ग १२३४५६७९ × ९९९९९९९९९ इतका होतो. ९९९९९९९९९ ने गुणणे म्हणजे नऊ शून्ये जोडून मूळ संख्या एकदा वजा करणे. ही वजाबाकी केल्यावर डावा भाग एकाने कमी होतो (१२३४५६७८) आणि उजवा भाग शंभर कोटींतून १२३४५६७९ वजा जाऊन ९८७६५४३२१ होतो. डावीकडे जे एक कमी झाले तेवढ्यामुळेच दोहोंची बेरीज शंभर कोटींपेक्षा एकाने कमी, म्हणजे नऊ नऊ, येते.

लेखनाचा गुण की संख्येचा?

ब्रिटिश गणितज्ञ जी. एच. हार्डी यांनी १९४० च्या 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी' या पुस्तकात अंकरचनेच्या अशा गुणांची गंभीर गणितात गणना केली नाही. ८७१२ व ९८०१ या चार अंकी संख्या आपल्याच उलट्या रूपाच्या पटीत येतात, हे उदाहरण देऊन असे गुण कोड्यांच्या सदराला शोभणारे आहेत असे मत त्यांनी मांडले. या आक्षेपाचा विचार केल्याशिवाय प्रस्तुत विषय पूर्ण होणार नाही.

आक्षेपात तथ्य आहे. आपली माळ नऊपाशी तुटते, कारण आपण दहाच्या पायावर लिहितो. आठाच्या पायावर लिहिणाऱ्या समाजात माळ सात एकांपर्यंतच टिकली असती : तेथे ११११११११ नव्हे, तर १११११११ चा वर्ग १२३४५६७६५४३२१ असा शेवटचा सममित वर्ग ठरला असता. आठाच्या पायावरील ही १११११११ म्हणजे आपल्या लेखनात २९९५९३, आणि तिचा वर्ग ८९७५५९६५६४९. या अंकांत कोणालाही माळ दिसणार नाही. संख्या तीच, पोशाख निराळा. याउलट तिचे मूळ अवयव, विभाजकांची संख्या आणि पूर्ण वर्ग असणे हे गुण कोणत्याही पायावर बदलत नाहीत.

तरीही हार्डींचा निष्कर्ष जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. केवळ एकांनी बनलेल्या संख्यांचे अवयव शोधताना गंभीर प्रश्न उभे राहतात. त्यांतील मूळ संख्या कोणत्या? २, १९, २३, ३१७ आणि १०३१ एकांच्या संख्या मूळ असल्याचे विसाव्या शतकात सिद्ध झाले होते. ४९०८१ एकांच्या संख्येविषयीची सिद्धता २०२२ मध्ये आणि ८६४५३ एकांच्या संख्येविषयीची २०२३ मध्ये पूर्ण झाली. अशा मूळ संख्या अनंत आहेत की नाहीत, हा प्रश्न जगातील गणितज्ञांपुढे आजही अनुत्तरित आहे. देवळालीच्या शाळाशिक्षकाने रेल्वे स्थानकावर ज्या दाराशी घटकाभर विसावा घेतला, ते दार आत खोलवर उघडते.

संगणकापुढील मर्यादा

या संख्येची एक व्यावहारिक बाजूही आहे. एक्सेलच्या तक्त्यात ती अंकरूपाने लिहिल्यास १२३४५६७८९८७६५४३०० अशी दिसते. हा आज्ञावलीचा बिघाड नाही. संख्येचे पहिले पंधरा सार्थ अंकच राखून उरलेल्यांच्या जागी शून्य घालणे ही त्या तक्त्याची मर्यादा आहे. संगणकाच्या प्रचलित अपूर्णांक-लेखनातही २ चा ५३ वा घात, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२, ओलांडल्यावर प्रत्येक पूर्णांक वेगळा राखता येत नाही. आपली संख्या या मर्यादेपलीकडची आणि विषम असल्याने ती तेथे नेमकी मावत नाही व १२३४५६७८९८७६५४३२० या शेजारच्या सम संख्येत रूपांतरित होते.

एका महाविद्यालयाच्या कार्यालयात शिष्यवृत्तीधारक विद्यार्थ्यांच्या बँक खात्यांची यादी प्रस्तुत लेखकाने पाहिली होती. सोळा अंकी खातेक्रमांकांपैकी प्रत्येकाचा शेवटचा अंक शून्य होता. लिपिकाने प्रत्येक क्रमांक काळजीपूर्वक टंकलिखित केला होता, तरीही रकमा परत आल्या आणि विद्यार्थ्यांना एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात हेलपाटे घालावे लागले. दोष कोणाच्या निष्काळजीपणाचा नव्हता, संकल्पनेचा होता. खातेक्रमांक अंकांनी लिहिला जातो, परंतु तो परिमाण नाही. त्यात कोणी काही मिळवीत नाही, त्याला कोणी भागत नाही. ते अंकांच्या लिपीत लिहिलेले नाव आहे. तक्त्यातील तो स्तंभ आरंभीच 'मजकूर' या प्रकारात ठेवला असता तर एकही अंक गळाला नसता. लेखन आणि संख्या यांतील जो भेद मागील परिच्छेदांत तात्त्विक वाटला, तो येथे एखाद्या विद्यार्थ्याच्या वर्षभराच्या शुल्काचा प्रश्न होतो.

निष्कर्ष

१. १२३४५६७८९८७६५४३२१ ची सममित रचना गुणाकारातील स्तंभांच्या मोजणीतून येते. हातचा न येणे ही तिची अट आहे, म्हणून दहाच्या पायावर ती नवव्या संख्येपाशी संपते.

२. अंकांची माळ, अंकबेरीज आणि हर्षद असणे हे गुण लेखनपद्धतीवर अवलंबून आहेत. मूळ अवयव, ४५ विभाजक व पूर्ण वर्ग असणे हे गुण संख्येचे स्वतःचे आहेत.

३. नऊ अनुकूल उदाहरणांनी नियम सिद्ध होत नाही. त्यामागील कारण सापडल्यावरच नियम व त्याची मर्यादा दोन्ही कळतात.

४. अशा संख्या पदवी वर्गात शिकविताना उत्तरापाशी न थांबता दहावा गुणाकार विद्यार्थ्यांकडून कागदावर करवून घ्यावा. माळ तुटताना त्यांनी स्वतः पाहिली, तर 'असे का?' हा प्रश्न अध्यापकाला विचारावा लागणार नाही.